घरोघरच्या पुस्तकांची नोंदवही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपले चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, व्यवस्थापक समितीचे सभासद, सगळे काका-काकू, आणि पुढच्या सतरंजीवर अजून तरी शांत बसलेली बालमंडळी. मला वीस मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर मटार उसळ आणि जिलेबी आहे, तिचा वास आत्ताच वर आलाय, त्यामुळे एकविसावं मिनिट मला मिळणार नाही याची कल्पना आहे.

विषय साधा आहे. आपल्या इमारतीत पुस्तकं किती आहेत?

सेक्रेटरींना विचारा, चौदा नंबरच्या फ्लॅटचा शेअर दाखला कोणाच्या नावावर आहे. दोन मिनिटांत आय-रजिस्टर काढून सांगतील. पाण्याच्या टाक्या किती लिटरच्या, लिफ्टची तपासणी कधी झाली, सगळ्याची नोंद आहे. पुस्तकांची नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक वही फिरवली होती. अठ्ठावीस फ्लॅटपैकी एकोणीस घरांनी अंदाजे आकडा लिहिला. बेरीज साडेचार हजारांच्या वर गेली. म्हणजे एखाद्या छोट्या गावाचं वाचनालय आपण अठ्ठावीस कुलपांच्या आत ठेवलंय आणि कोणाकडे काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. दोन नंबरच्या काकू ‘स्मृतिचित्रे’ शोधत आप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरून आल्या. त्यांच्या बरोबर डोक्यावर, चार नंबरमध्ये, ते पुस्तक होतं. दोन प्रती!

आपण राहतो कुठे, तर मंडईजवळ. ही मंडई १८८६ साली झाली, तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेत होते तेव्हा या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव लागलं. तेव्हा मंडईच्या माणसाने पुस्तकाचा विषय काढला तर तो परक्या अंगणातला नाही. आणि लक्ष्मी रोडवर, आपल्यापासून चालत दहा मिनिटांवर, १८४८ साली सुरू झालेलं पुण्याचं जुनं सार्वजनिक ग्रंथालय आजही उभं आहे. आज त्याला आपण पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो. मंडई व्हायच्या अडतीस वर्षं आधी या गावाला वाचनालय होतं, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्याकडे पुस्तक आलं की पहिल्यांदा दाखल नोंदवहीत जायचं. मग वर्गांक, मग कार्डं. एका पुस्तकाची तीन-चार कार्डं: लेखकाच्या नावाचं वेगळं, पुस्तकाच्या नावाचं वेगळं, विषयाचं वेगळं. लाकडी खण, त्यात पितळी सळई, सळईत ओवलेली कार्डं. आज तो खण कोणी दिवाणखान्यात शोभेला ठेवतात. त्यातली युक्ती मात्र जुनी झालेली नाही. पुस्तक कपाटात एकाच जागी बसू शकतं, पण शोधणारा तीन दारांनी येतो, म्हणून तीन दारं ठेवायची.

आपल्या भाषेत या कामाचा डोंगर एका माणसाने उपसला. शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली, आणि मग १९३८ ते १९५० चा दुसरा भाग. संगणक नाही, फोटोकॉपी नाही. ग्रंथालयांतून जाऊन पुस्तक हातात घ्यायचं आणि चिठ्ठीवर नोंद करायची. आज एखादं जुनं पुस्तक खरंच निघालं होतं का, असा वाद झाला की अभ्यासक अजूनही दाते सूची उघडतात. लेखकांचे पुतळे होतात, सूची करणाऱ्याचं नावही कोणी विचारत नाही. असो.

आता फोनकडे येते. खिशातला काढा, फक्त रिंग बंद ठेवा.

घरच्या पुस्तकांची यादी करायला इंटरनेटवर सोयी आहेत. त्यातल्या दोन मोठ्या. लायब्ररीथिंग ही २००५ सालची, अमेरिकेतल्या टिम स्पॉल्डिंग नावाच्या माणसाने सुरू केलेली. मुळात आपल्या मालकीच्या पुस्तकांची यादी करायला. पूर्वी दोनशे पुस्तकांपर्यंत फुकट होती, २०२० पासून सगळीच फुकट आहे. दुसरी गुडरीड्स, २००७ सालची. तिचा भर वाचण्यावर आहे: काय वाचलं, काय वाचतोय, काय वाचायचंय, असे तीन कप्पे. २०१३ मध्ये ती अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. अलीकडची स्टोरीग्राफही आपल्याकडच्या कॉलेजच्या मुली वापरतात, त्यांना विचारा, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

काम असं चालतं. पुस्तकाच्या मागे बारकोड असतो, त्याखाली तेरा आकडे. तो आयएसबीएन. २००७ च्या आधी तो दहा आकड्यांचा होता. भारतातल्या पुस्तकावर ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ दिसेल. शेवटचा आकडा हा आधीच्या बारांचा पहारेकरी असतो. एखादा आकडा चुकीचा टाकला तर हिशेब जुळत नाही आणि नंबर नाकारला जातो. फोनचा कॅमेरा बारकोडवर धरायचा, की नाव, लेखक, प्रकाशक, साल आपोआप येऊन बसतं. इंग्रजी पुस्तकांचं कपाट माझ्या नातवाने एका दुपारी संपवलं.

मराठी कपाटापाशी तो अडला. तिथेच खरी गंमत आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

आपल्या घरातली निम्म्याहून जास्त मराठी पुस्तकं आयएसबीएनच्या आधीची आहेत. बारकोड नाही, नंबर नाही. नंबर असला तरी कधीकधी नोंदच सापडत नाही, नाहीतर रोमन लिपीत सापडते आणि तीही चार प्रकारांनी. ‘श्यामची आई’ इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. श्यामचा ‘एस एच वाय’ की ‘एस एच आय वाय’, आईला ‘ए’ एक की दोन? संगणकाच्या दृष्टीने ही चार वेगळी पुस्तकं झाली. लेखकाचंही तेच. पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे जागा न सोडता, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, आणि इंग्रजीत पी. एल. सगळे एकच, पण यंत्राला ते कोण सांगणार? ते आपणच सांगायचं. अशा साइटवर एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या नोंदी एकत्र जोडण्याची सोय असते आणि ते काम वाचकच करतात, फुकट. म्हणजे आज तुम्ही देवनागरीत नीट नोंद केलीत, तर उद्या सांगलीतल्या किंवा सिंगापूरमधल्या माणसाला ती तयार मिळेल. दाते सूचीचं काम आता थोडं थोडं सगळ्यांच्या हातात आलंय, असं मला वाटतं.

म्हणून माझे दोन-तीन नियम. कव्हरवरून लिहू नका, आतल्या नावाच्या पानावरून लिहा. कव्हरवर चित्रकार खेळलेला असतो. नाव देवनागरीत, छापलंय तसंच. लेखकाचं आडनाव आधी, मग आद्याक्षरं, आणि ती सगळीकडे सारखी. जुन्या पुस्तकावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येईल. जानेवारी ते गुढीपाडव्यातलं असेल तर ७९. आवृत्ती कितवी ते जरूर लिहा. ‘कोसला’ १९६३ ची वेगळी आणि परवा रस्त्यावर घेतलेली वेगळी.

दिवाळी अंकांना वगळू नका. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे आपलं वेड. बाहेरच्या जगाला हा प्रकार कळत नाही. पुस्तकही नाही, मासिकही नाही. अंकाचं नाव, पुढे ‘दिवाळी’, पुढे साल, असं हाताने घाला. सहा नंबरच्या काकांकडे पस्तीस वर्षांचे अंक पोत्यात आहेत, काकूंना ते पोतं नको आहे, आणि त्या घरगुती प्रश्नात मी पडत नाही.

मग येतो शेरा. नोंदीत एक रकाना असतो शेऱ्यासाठी, आणि एक असतो खाजगी शेऱ्यासाठी, जो फक्त आपल्याला दिसतो. ग्रंथालयात आम्ही तिथे ‘पाने सुटी’, ‘नकाशा गहाळ’ असं लिहायचो. घरच्या पुस्तकात तिथे सगळा संसार असतो. आमच्याकडे एक ‘दासबोध’ आहे. खालच्या बाजूने चार बोटं तपकिरी डाग. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझ्या सासूबाईंचं माहेर नारायण पेठेत होतं. पुस्तक फडताळात खालच्या खणात होतं, पाणी उतरल्यावर गच्चीत पान पान वाळवलं. तो डाग पुसायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण का ते फक्त सासूबाईंना. आता ते नोंदीत आहे. काही पुस्तकांच्या पहिल्या पानावर लग्नाच्या आहेराची तारीख असते, काहींवर शाळेचा शिक्का आणि ‘वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय’. हे कुठल्याच बारकोडमध्ये येत नाही. ते लिहायला वेळ लागतो, आणि तो लावावा.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या सरांचं सांगते. त्यांच्या मुलीची परवानगी घेतली आहे.

सर गेले दोन वर्षांपूर्वी, ज्येष्ठात. मुलगी न्यू जर्सीहून आली, तिला सोळा दिवसांची रजा. फ्लॅट विकायचा ठरला होता. भिंतभर पुस्तकं. तिने एका ग्रंथालयाला फोन केला. ते म्हणाले, घेऊ, पण आधी यादी पाठवा, आमच्याकडे नसलेलीच घेऊ. दुसरीकडेही तेच. यात त्यांचं काही चुकत नाही बरं का. मी खुर्चीच्या त्या बाजूला तीस वर्षं बसलेली आहे. दान म्हणून टेम्पोभर जुनी क्रमिक पुस्तकं आली की ठेवायची कुठे हा प्रश्न असतोच. पण यादी कुठून आणणार? रद्दीवाला दारात येऊन गेला होता. तो पुस्तकं बघत नव्हता, वजनाचा अंदाज घेत होता.

तेव्हा आपल्या इमारतीतली सहा माणसं बसली. दोघं पुस्तकं काढून पुसायला, दोघं वाचून दाखवायला, दोघं टाइप करायला. त्यातली एक नववीतली मुलगी होती, तिने मराठी टायपिंगमध्ये आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. दुपारी चहा, संध्याकाळी सात वाजता बंद. अकरा दिवसांत १,१४० पुस्तकं झाली. यादी ऑनलाइन होती म्हणून सरांचा मुलगा सिडनीहून रात्री बसून बघायचा आणि सकाळी निरोप यायचा: हे ठेवा, हे मला, हे बाबांनी मला वाचून दाखवलं होतं. बहीणभावांनी मिळून शंभरेक पुस्तकं ठेवली. चारशेच्या वर दोन ग्रंथालयांत गेली. उरलेली आपल्यापैकी अनेकांनी घेतली, आणि शेवटी जी खरंच फाटकी, कसर लागलेली होती ती रद्दीत गेली. कोणाला वाईट वाटलं नाही, कारण काय जातंय ते माहीत होतं.

यादी करताना सरांच्या हस्ताक्षरातली एक वहीही सापडली. १९६८ पासून वाचलेल्या पुस्तकांची. तारीख, नाव, आणि एका शब्दात मत. ‘बरे’. ‘उगाच’. ‘पुन्हा’. ‘पुन्हा’ असं लिहिलेली पुस्तकं आम्ही वेगळी काढली, ती मुलीने सगळी नेली. वाचनाची नोंद ठेवणं म्हणजे काही परदेशी फॅड नाही, एवढंच यावरून सांगायचंय.

फॅडाचा भाग आहे तो मोजण्याचा. जानेवारीत संकल्प सोडायचा, यंदा पन्नास पुस्तकं. मग साइट सांगते, तुम्ही तीन पुस्तकांनी मागे आहात. तरुण मुलांना यातून हुरूप येत असेल तर चांगलंच आहे, मी त्यांच्या आड येणार नाही. पण डिसेंबरात आकडा गाठायला पातळ पातळ पुस्तकं शोधणारी मंडळीही मी बघते. माझ्या सासूबाई ‘दासबोध’ वाचायच्या. वीस दशक, दोनशे समास. संपला की पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यभर. त्यांना साइटने काय सांगितलं असतं, तुम्ही एकोणपन्नास पुस्तकांनी मागे आहात? आता पुनर्वाचनाची तारीख टाकायची सोय असते म्हणा. ती वापरा. आकडा नको असेल तर तो स्पर्धेचा भाग चालूच करू नये, कोणी सक्ती करत नाही.

विषयांबद्दल एक. ग्रंथालयात वर्गांक एकच. ऑनलाइन यादीत हव्या तेवढ्या खुणचिठ्ठ्या लावता येतात, टॅग म्हणतात त्याला. मंडईत बघा, कोथिंबीर पालेभाजीच्या गाळ्यावर बसते, पण काकू ती कोशिंबिरीसाठी घेतात, वडीसाठी घेतात, वाटणासाठी घेतात. गाळा एक, उपयोग अनेक. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी, पण तिला ‘धनगर’, ‘शाळा’, ‘दुष्काळ’, ‘माणदेश’ अशा चिठ्ठ्या लावल्या तर शाळेवरच्या निबंधासाठी शोधणाऱ्या मुलाला ती सापडेल. आमच्या नातवाने ‘आजीने वाचायला लावलेलं’ अशी चिठ्ठी केली आहे. त्यात तेवीस पुस्तकं आहेत. मी काही म्हटलं नाही.

आता काळजीच्या गोष्टी दोन.

एक म्हणजे आपण काय वाचतो हे जगाने का बघावं? बघू नये. यादी खाजगी ठेवायची सोय असते, ती कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधा. आजाराची पुस्तकं असतात, कर्जाची असतात, संसारातल्या अडचणींची असतात. ती शेजारच्यांना दिसायची गरज नाही. सोसायटीच्या यादीत कोणती पुस्तकं घालायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि घरी सोन्याच्या दागिन्यांइतकी मोलाची जुनी आवृत्ती असेल तर ती उघड्या यादीत फ्लॅट नंबरसकट टाकू नका.

दुसरं, या साइट कायम राहतील असं धरून चालू नका. शेल्फारी नावाची अशीच एक सोय होती. २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली, २०१६ मध्ये बंद केली आणि तिथल्या लोकांना गुडरीड्सकडे जायला सांगितलं. कंपन्यांचं असंच असतं. म्हणून दर सहा महिन्यांनी यादी उतरवून घ्या. एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल मिळते. ती पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि एक छापील प्रत काढून कपाटात. हसू नका, सरांची १९६८ ची वही वीज नसतानाही वाचता येते.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी मी हे सगळं बोलले.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सात नंबरचा विषय आहे: तळमजल्यावरच्या ऑफिसातली दोन लोखंडी कपाटं काढून टाकणे व ती जागा पार्सल ठेवण्यासाठी वापरणे. त्या कपाटांत आपण पंचवीस वर्षांत एकमेकांना दिलेली पुस्तकं आहेत. पार्सलांची अडचण खरी आहे, जिन्यात खोकी अडखळतात, मी स्वतः एकदा पडता पडता वाचले. मी जागेसाठी भांडायला आलेली नाही. मी सुचवते की कपाटं काढा, पण आधी त्यातली पुस्तकं यादीत येऊ देत आणि मग ज्यांना जमेल त्यांनी दहा-दहा, वीस-वीस घरी सांभाळावीत. पुस्तक सात नंबरमध्ये राहील, नोंद सगळ्यांकडे राहील. लायब्ररीथिंगवर कोणतं पुस्तक कोणाला आणि कोणत्या तारखेला दिलं ते लिहायची सोय आहे, तेव्हा ‘पु. ल. कोणाकडे गेले’ हा पंचवीस वर्षं चाललेला तपासही एकदाचा संपेल.

सेक्रेटरींशी मी बोलले आहे. ते म्हणाले, यादी झाल्याशिवाय विषय मतदानाला घेणार नाही, पण यादीला मुदत हवी. मुदत गणपतीपर्यंत घेतली आहे. कपाटांत मोजून सहाशे बारा पुस्तकं आहेत. सरांच्या वेळचा वेग धरला तर सहा माणसांना सहा दिवस पुरतील.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरच्या ऑफिसात या. फोन चार्ज करून आणा, एक कोरडं फडकं आणा, ज्यांना धुळीचा त्रास आहे त्यांनी मास्क लावा. ज्यांना फोनवर टाइप करता येत नाही त्यांनी वाचून दाखवायला यावं, मोठ्या आवाजाची दोन माणसं कमी पडतायत. नववीतली ती मुलगी आता अकरावीला आहे, तिने यायचं कबूल केलंय. चहा माझ्याकडून.

उसळ निवायच्या आत थांबते.